आधी बोल, मग अक्षर

इसवी सन १९३२ च्या फेब्रुवारी महिन्यात धुळ्याच्या तुरुंगात एक आगळा वर्ग भरू लागला. कायदेभंगाच्या चळवळीतील राजबंदी दर रविवारी एकत्र बसत, आचार्य विनोबा भावे त्यांच्यापुढे गीतेचा एकेक अध्याय उलगडीत आणि श्रोत्यांत बसलेले साने गुरुजी ते बोल कागदावर उतरवून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार हा क्रम चालला. आज अनेक भारतीय भाषांतून वाचला जाणारा ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या कागदांतून तयार झाला. विनोबांनी तो लिहिला नाही, ते बोलले. गुरुजींनी त्यात स्वतःचे काही घातले नाही; त्यांनी ऐकले आणि टिपले.

त्याच काळात धुळ्याच्या पूर्वेस, जळगावात, असाच दुसरा एक व्यवहार चालू होता. मात्र त्याची वार्ता घराच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. असोदे येथे १८८० साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी सून म्हणून आलेल्या आणि तिशीतच वैधव्य आलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसल्या, वावरात गेल्या, की गाणे आपोआप ओठांवर येई. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी ती गाणी जमतील तशी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. टिपणारे हात नसते तर महाराष्ट्राला ही कवयित्री ठाऊकही झाली नसती. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीचे नाव पदवीपत्रांवर झळकावे, ही आम्हांस मोठी गोड घटना वाटते.

आमच्या वाचकांना येथे आणखी एका लेखनिकाची आठवण व्हावी. रोमकरांस पाठविलेले संत पौलाचे पत्र आपण उपासनेत वारंवार ऐकतो, परंतु ते स्वहस्ते लिहिणारा तर्तिय होता. शेवटच्या अध्यायात तो स्वतःच्या नावाने सलाम सांगून जातो.

या थोरामोठ्यांच्या गोष्टींचा बालवाडीशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध अगदी जवळचा आहे. चार वर्षांचे मूल हे बहिणाबाईंच्याच अवस्थेत असते. त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते, भाषा असते, तालही असतो; नसते ते फक्त अक्षर. अशा मुलाने बोलावे, बाईंनी ते त्याच्यादेखत मोठ्या अक्षरांत लिहावे आणि त्यालाच वाचून दाखवावे. आपल्या तोंडून निघून वाऱ्यावर गेलेला शब्द कागदावर थांबला आहे, उद्याही तेथेच सापडणार आहे, हे ज्या क्षणी मुलास उमगते त्या क्षणी त्याचे लेखनशिक्षण सुरू झाले असे समजावे. हाती पेन्सिल मागाहून आली तरी चालते.

आपल्याकडील शिक्षणाचा आरंभ मात्र दुसऱ्याच टोकाने होत आला. पंतोजींच्या शाळेत पाटावर बारीक धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरीत आणि तीवर बोटाने वा काडीने अक्षर घटवून घेत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तेथूनच आला. (धुळे शहराच्या नावाशी याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, तो आम्ही आवरला आहे.) या धूळपाटीला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. बोटाला अक्षराचे वळण थेट कळे, चुकले तर तळहात फिरविला की पाटी कोरी, आणि खर्च जवळजवळ नाहीच. दोष होता तो क्रमात. ओनामा, मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे अशी एकामागून एक चढण चढत मूल महिनोन् महिने अक्षरे घोटी, पण त्या अक्षरांतून त्याच्या ओळखीचे काही उमटत नसे. मधल्या काळात छडी असेच. पुढे दगडी पाटी आली, कित्ते आले, पुस्त्या आल्या. धूळ गेली आणि तिच्याबरोबर बोटाचे सुखही गेले. घोटणे तेवढे राहिले.

हे सुख शास्त्रीय पायावर परत आणण्याचे श्रेय डॉ. मारिया माँटेसरी यांना दिले पाहिजे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंत्सो या गरिबांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती पुठ्ठ्यावर चिकटवावीत, मुलाने त्यांवरून बोट फिरवावे आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारावा, अशी त्यांची रीत. ही मुले वाचनाच्या अगोदर लिहू लागली, आणि तीही एके दिवशी अचानक, आनंदाने, जमिनीवर, भिंतीवर, सापडेल तेथे. आमच्या धूळपाटीची ही दूरची बहीणच म्हणावी. फरक इतकाच, की येथे मुलाच्या मागे कोणी छडी घेऊन उभे नव्हते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले ते याच विचाराने. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु ताराबाईंचे खरे धाडस त्यानंतरचे. शहरी बालमंदिरातील महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हेत, हे त्यांनी ओळखले. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षण केंद्र काढले, आणि १९५७ मध्ये तेथून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम नेले. बोर्डीपासून अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द खेडोपाडी पोहोचला. त्या शब्दामागे कोसबादची ही पायपीट आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

खानदेशात हा विचार आणताना एक अडचण उभी राहते, आणि तीच आमच्या विषयाचे मर्म आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचे पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे बनले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. शासकीय सीमा अशा बदलत गेल्या, पण शाळेचे पुस्तक सर्वत्र पुणेरी मराठीचेच राहिले. घरची बोली मात्र निराळी. धुळ्याकडील मूल सांगते, ‘मनी माय वावरमा गयी.’ पुस्तकात असते, ‘माझी आई शेतात गेली.’ जळगावच्या पूर्व पट्ट्यातील लेवा कुटुंबातील मुलाच्या तोंडी ‘ळ’ नाही. तेथे केळी म्हणजे ‘केयी’, डोळा म्हणजे ‘डोया’, खुद्द जळगावचे ‘जयगाव’. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा मुलांची बोली तर आणखी दूरची. असे मूल पहिल्या दिवशी तोंड उघडते आणि वर्ग हसतो, किंवा बाई ‘नीट बोल’ म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून ते गप्प बसते. ज्याचे बोलणेच थांबले, ते लिहील काय? ते कित्ता गिरवील. सुबक गिरवीलही. परंतु गिरवणे आणि लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणून मूल ‘डोया’ म्हणाले तर बाईंनी पहिल्या दिवशी काय लिहावे, हा प्रश्न क्षुल्लक नाही. ‘डोया’च लिहावे, असे आमचे मत आहे. सोपानदेवांनी आईची गाणी टिपताना तिचे शब्द पुणेरी करून घेतले असते, तर त्या गाण्यांचे काय उरले असते? छापील पुस्तकातही तिचा ‘य’ ‘य’च राहिला. आणि या ‘य’मुळे सोपानदेवांची प्रमाण मराठी बिघडली नाही, त्याच भाषेत ते स्वतः नावाजलेले कवी झाले. मुलाला दोन्ही येऊ शकते. ‘डोया’च्या शेजारी चार महिन्यांनी ‘डोळा’ येऊन बसतो आणि मूल त्या जोडीकडे गमतीने पाहते. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी ‘टीचर’ या १९६३ च्या पुस्तकात हेच मांडले आहे: पहिले शब्द मुलाच्या अंतःकरणातून आलेले असावेत, आई, भूत, भीती असे, ते एकदा पाहूनही लक्षात राहतात, आणि पाठ्यपुस्तकातील सपक शब्द दहादा घोटूनही राहत नाहीत.

अशा वर्गाला खर्च फार लागत नाही. परातीत बारीक वाळू किंवा ज्वारीचे पीठ, अंगणात रांगोळी, जमिनीवर खडू, रेघा मारण्यास जुनी वर्तमानपत्रे. मूल चित्र काढते, ‘हे काय?’ असे विचारले की सांगते. ते चित्राखाली उतरते. पोळ्याचा बैल, केळीचा घड, भरिताची वांगी भाजणारी आजी, यांतील प्रत्येकावर निदान एक वाक्य कोणत्याही मुलाजवळ असते. शिवाय आपले नाव हे तर सर्वांत आवडते लेखन. त्यातील अक्षरे मूल इतरत्र शोधू लागते आणि न सांगता मुळाक्षरांचा पाठ सुरू होतो. मातीकाम, मणी ओवणे, शेंगा सोलणे हेही लेखनाचेच पूर्वपाठ होत, कारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी मनगटाची हाडे पुरती तयार झालेली नसतात.

तरीही आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज तीन वर्षांच्या मुलासमोर चार रेघी वही आणि टोकदार पेन्सिल असते. अमुक शाळेच्या शिशुवर्गात गृहपाठ भरपूर देतात, हे पालक कौतुकाने सांगतात. त्यांची चिंता खोटी नाही; शिक्षणानेच आपला समाज पुढे आला, हे त्यांनी पाहिले आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण पायाभूत वयात घरची भाषा आणि खेळ यांवर भर देते; २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्यही तिसरीपर्यंत समजून वाचता-लिहिता यावे, हे आहे, तिसऱ्या वर्षी नव्हे. परंतु धोरणाचे कागद घराघरांत वाचले जात नाहीत. तेथे शेजारच्या मुलाची वही पाहिली जाते.

बहिणाबाईंनी छापखान्यावरही एक गाणे रचले आहे. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, माणूस मात्र होता तसाच राहतो, असा त्यातील टोला आहे. जळगावच्या गल्लीतील छापखाना त्यांनी पाहिला होता. त्यात काय छापले जाते हे मात्र त्यांना वाचता येत नव्हते.