दोरी नको, मांडव हवा

गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट पूर्ण तुटलं की सहसा आपोआप जुळत नाही. मग पहिला विचार सरळ होता: मजबूत दोरी बसवा. १९७०च्या दशकात कार्बनचे धागे वापरून पाहिले. ते तुटून त्यांची काळी पूड सांध्यात साचली. १९८६मध्ये अमेरिकेच्या एफडीएने गोअर-टेक्सच्या लिगामेंटला मंजुरी दिली; १९९३मध्ये ते बाजारातून गेलं. धागा पक्का होता, पण झिजत होता. आणि निर्जीव धागा स्वतःची डागडुजी करत नाही.

मग प्रश्नच बदलला. आपण फक्त मांडव घालायचा, वेल शरीराने वाढवायचा. २००२मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी रेशीम निवडलं: सेरिसिनचा चिकट थर धुऊन काढला आणि उरलेल्या फायब्रॉइनचे धागे पिळून दोर वळला. रेशमाची ताकद हळूहळू ओसरते. तेवढ्यात पेशींनी आपलं कोलॅजन विणायचं. मांडव लवकर गेला तर वेल कोसळतो. राहिलाच तर वेलाला भार पेलायची सवय लागत नाही.

२०२०च्या डिसेंबरात एफडीएने ‘बेअर’ला परवानगी दिली. हा कोलॅजनचा स्पंज रुग्णाचंच रक्त शोषून तुटलेल्या टोकांमध्ये बसतो आणि काही आठवड्यांत विरघळतो.

आम्ही इंजिनिअर टिकाऊपणा मोजतो. इथे वेळेवर नाहीसं होणं हीच मुख्य अट आहे.