चर्मकुंड आणि प्रयोगशाळा

आंतरविद्याशाखीय संशोधन हा शब्द आज आपल्या विद्यापीठांत फार मानाने उच्चारला जातो. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने केवळ रसायनात रमू नये. द्रव्य किती ताण सोसते, पाण्यात आणि उन्हात किती टिकते, हेही त्याने पाहावे, असे सांगितले जाते. सांगणे योग्यच आहे. (या दुसऱ्या शास्त्राला मराठीत धड नाव नाही, ‘पदार्थविज्ञान’ हा चांगला शब्द आपण आधीच फिजिक्सला देऊन बसलो.) परंतु ही दृष्टी येथे अगदीच अपरिचित होती असे जेव्हा गृहीत धरले जाते, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या इतिहासाकडे बोट दाखवणे भाग पडते.

इंजिन आणि वीजपंप येण्यापूर्वी या जिल्ह्यातली विहिरीवरची शेती मोटेवर चालत होती. मोट कातड्याची. दिवसभर ती विहिरीत बुडे, भरून वर येई, थारोळ्यात रिकामी होई आणि पुन्हा खाली जाई. कच्ची खाल अशा वापरात थोड्याच दिवसांत कुजली असती. नुसती वाळवलेली कडक होऊन तडकली असती. भिजून न कुजणारे, वाळून न तडकणारे आणि तरीही लवचीक राहणारे द्रव्य शेतकऱ्याला हवे होते. ते ढोर समाजातली माणसे तयार करीत.

प्रथम चुना. चुन्याच्या पाण्यात खाल ठेवली की केसांची मुळे सुटतात आणि खाल फुगते. दिवस जास्त झाले तर तंतूच सैल पडतात. कमी झाले तर केस निघत नाहीत. किती दिवस, हे ऋतू आणि जनावराचे वय पाहून, हाताने चाचपून ठरे. मग तरवडाची आणि बाभळीची साल, हिरडा. दख्खनमध्ये एक पद्धत अशी होती की खाल शिवून तिची पिशवी करीत, आत साल आणि पाणी भरून ती टांगत, आणि खाली ठिबकणारा अर्क भांड्यात धरून पुन्हा वरून ओतत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगत, म्हणजे दोन्ही टोकांना साल सारखी मुरे. आजच्या भाषेत सांगायचे तर अर्काच्या स्वतःच्या वजनाने टॅनिन कातड्याच्या जाडीतून पार केले जात होते. टॅनिनचे रेणू कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना हायड्रोजन-बंधांनी धरून ठेवतात. मधले पाणी हटते, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना ते प्रथिन पचेनासे होते. कच्च्या खालीतले कोलॅजन पाण्यात ६०-६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास आकसते. साल मुरलेले कातडे साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरते. वनस्पतीची ओळख, रसायन आणि द्रव्याची परीक्षा अशी एकाच माणसाच्या हाती होती. मोट गळली की शेतकरी शिव्या घालीत दारात येई. परीक्षकाचा अभिप्राय तोच.

हेच काम दुसरीकडे कसे पाहिले गेले? १८०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाकडे कातडी कमावण्याचा अभ्यास सोपवला. १८०३ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यात मुंबईहून आणि बंगालहून आलेल्या काताचे पृथक्करण आहे; मुंबईच्या कातात टॅनिन निम्म्याहून थोडे अधिक आणि बंगालच्या कातापेक्षा जास्त भरले. १८०५ साली डेव्हीला कॉप्ली पदक मिळाले. डेव्हीचे श्रेय हिरावण्याचे कारण नाही. तो एका लाकूड कोरणाऱ्याचा मुलगा, चर्मकुंडाशी त्याने बरोबरीने संवाद केला, आणि त्याच्या समाजाने त्याला प्रयोगशाळेत येऊ दिले. येथे मात्र चर्मकुंडावरच्या माणसाला पाणवठ्यावरही येऊ दिले जात नव्हते.

आपल्या देशातही पुढे या विषयाला प्रतिष्ठा आली. १९४८ साली मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था स्थापन झाली; १९५८ पासून यलवर्ती नायुडम्मा तिचे संचालक होते. १९५४ साली मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने कोलॅजनची रचना तीन पदरी असल्याचे मांडले. पुढच्या वर्षी हे पदर एकमेकांभोवती पिळलेले असल्याचे स्पष्ट केले. प्रत्येक पदराचा पीळ एका दिशेचा, तिघांचा मिळून उलट्या दिशेचा. अंबाडीचा दोर वळणाऱ्या मातंग कारागिराला यात नवल वाटले नसते. पेडाचा आणि दोराचा पीळ एकाच दिशेला दिला तर दोर उकलतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. विहिरीवर त्याचा दोर आणि ढोराची मोट एकत्र काम करीत. विद्येच्या इतिहासात मात्र दोघेही अनुपस्थित आहेत.

येथे एक धोका आहे, आणि आपल्यातल्या काही उत्साही मंडळींना तो दिसत नाही. या विद्येचे गोडवे गाताना चर्मकुंडाचेच गोडवे गायले जातात. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडा असे सांगितले, मेलेली ढोरे ओढणे थांबवण्याची चळवळ उभी राहिली. तेव्हा ढोरे न ओढल्याने महारांचे किती रुपयांचे नुकसान होते, याचे हिशेब सवर्णांनी मांडले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली: नफा एवढा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर मीही पैसे देतो, असे त्यांचे उत्तर होते. कोणी पुढे आले नाही. कुंड सोडणे हा ज्ञानाचा त्याग नव्हता. सक्तीचा त्याग होता. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना जी मारहाण झाली, ती पाहता सक्ती आणि शिक्षा दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात हे कळते.

कुंड सोडून जायचे कोठे? निजामी राजवटीत बीडच्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि गावकुसाबाहेरचा मुलगा प्रथमच परीक्षानळी हातात धरू लागला. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. प्रयोगशाळेच्या दारापर्यंतचा रस्ता असा होता. आत गेलेल्या मुलाने आपल्या आजोबांचा धंदा सांगितला नाही, यात त्याचा दोष कोणता?

दरम्यान क्रोमने कमावण्याची रीत जगभर रूढ झाली, तिच्या सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि संशोधक पुन्हा झाडांच्या सालींकडे वळले. निबंधांत तरवडाचे लॅटिन नाव येते; साल कोणत्या महिन्यात काढावी, चुन्यातून खाल केव्हा उचलावी, हे ज्यांना कळत होते त्यांचे नाव येत नाही. रसायन आणि द्रव्यविज्ञान यांच्या सीमेवर काम करू पाहणाऱ्या आपल्या संशोधक मुलामुलींनी हा विषय प्रबंधासाठी घ्यावा, कारागिरांची साक्ष मापांसह नोंदवावी आणि ती देणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर छापावे. बीड, केज, माजलगावच्या बाजूला मोट शिवलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.