तिसरा आकडा

पश्चिम महाराष्ट्रात किंवा कोकणात कधी जाणे झाले, तर एखाद्या गावात जुनी संगमरवरी पाटी तुमच्या दृष्टीस पडेल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या बसविल्या. त्यांवर दोन आकडे असतात. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, हा पहिला; आणि त्यांपैकी इतके कामी आले, हा दुसरा. सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले.

आता धारणीसारख्या दूरच्या गावातून मी तुम्हाला विचारतो, या हिशेबात काही राहून गेले आहे का? जे पडले नाहीत, ते सारे धडधाकट घरी आले का? नाही. त्या युद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४,००० सैनिक मेले आणि सुमारे ६७,००० जखमी झाले. कोणाचा पाय गेला, कोणाचे डोळे गेले. हा तिसरा आकडा पाटीवर नाही. आजचे बोलणे त्याच माणसांविषयी आहे.

त्यांची आठवण कोणालाच झाली नाही, असे मात्र नव्हे. १९१७ साली मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. विचार साधाच होता. पाय गेला तरी हात शाबूत आहेत, तेव्हा दानधर्म नको, धंदा शिकवा. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे अंग लुळे पडले, त्यांच्यासाठी १९७४ साली खडकीलाच पुनर्वसन केंद्र झाले. हात चालत नाहीत म्हणून तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे जवान तिथे घडले.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचेच पाहा ना! सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताचे त्या स्पर्धांमधले ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. मध्ये ४६ वर्षे गेली!

पण पदक एखाद्यालाच मिळते. बाकीच्यांचे काय? समजा, आपल्या मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावरचा जवान एक पाय गमावून परतला. त्याची लढाई संपली, असे लोक म्हणतील. घरच्यांची तर तेव्हा सुरू होते. जिने तिफणीमागे चाड्यावर मूठ धरायची, तिलाच आता बैलही हाकावे लागतात. शाळेत जाणारा थोरला मुलगा वखरामागे जातो. म्हातारी आई रात्री उठून लेकाला पाणी देते. पाय बसवायचा किंवा दुरुस्त करायचा, तर पुणे गाठायचे; म्हणजे मजुरी बुडते ती वेगळीच. सरकार अपंगत्वाचे निवृत्तिवेतन देते, ते दिलेच पाहिजे. पण ते जवानाच्या जखमेपोटी असते. त्या बाईच्या कष्टांची नोंद कोणत्या कागदावर होते?

वीरमरण एका क्षणाचे असते. हा त्याग रोज सकाळी उठून नव्याने करावा लागतो, आणि तो सगळे घर मिळून करते. म्हणून त्याची पाटी लागत नाही.

गुरुजनांना एक विनंती आहे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळला जातो. मुले छातीवर लहानसा ध्वज लावून निधी गोळा करतात. त्या दिवशी पैशाबरोबर आणखी एक गोष्ट गोळा करा. आपल्या पंचक्रोशीत कोणी जखमी माजी सैनिक असेल, तर मुलांना घेऊन त्याच्या घरी जा. त्याची हकीकत ऐका, त्याच्या बायकोचीही ऐका, आणि त्यांची संमती असेल तर शाळेच्या वहीत उतरवून ठेवा. येताना, जमलेच तर, शेतातल्या एखाद्या कामाला हातभार लावून या.

पाटीवर न लिहिलेला तो तिसरा आकडा निदान आपल्या गावापुरता तरी आपण भरू शकतो.