अंगणवाडी : नांव आणि वस्तु

कल्याणहून कर्जतच्या बाजूस गाडी निघाली म्हणजे पहिलें स्थानक लागतें तें विठ्ठलवाडीचें. सकाळच्या वेळीं तेथल्या गल्ल्यांतून चालूं लागलें कीं दोन देखावे लागोपाठ दृष्टीस पडतात. एकीकडे एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत इंग्रजी नांवाची नर्सरी भरते. पाठीवर दप्तर आणि गळ्यांत पाण्याची बाटली अशा थाटांत तीन-साडेतीन वर्षांचीं मुलें तिच्या दाराशीं आणलीं जातात, कांहीं रडत, बहुतेक मुकाट्यानें. दुसरीकडे चाळीच्या एका खोलींत सरकारी अंगणवाडी असते. तेथें दप्तर नसतें. वजनकांटा, खिचडीचें पातेलें आणि नोंदवह्यांचा ढीग असतो. ह्या दुसऱ्या खोलीकडे आमच्यासारखे सुशिक्षित पालक ढुंकूनहि पाहत नाहींत. अंगणवाडी म्हणजे गरिबांची सोय, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आम्हीं करून ठेवला आहे.

आज हा शब्द देशांतील तेरा लाखांहून अधिक केंद्रांच्या पाट्यांवर आहे, आणि त्याची कथा आमच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोकाशीं जाऊन भिडते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा निघेपर्यंत बोर्डी आणि कोसबाड हीं गांवें विठ्ठलवाडीच्याच जिल्ह्यांत मोडत असत. त्या गांवीं ह्या शब्दाला जो अर्थ होता तो वर सांगितलेल्या दोन्ही खोल्यांत आज सांपडत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

लहान मूल म्हणजे अपुरा राहिलेला प्रौढ मनुष्य नव्हे, त्याच्या वाढीला स्वतःचा क्रम आहे, आणि शिक्षकानें तो क्रम ओळखून मुलाच्या वाटेंतून बाजूस व्हावें, हा विचार युरोपांत रूसोपासून चालत आला. फ्रोबेलनें १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें त्याला संस्थेचें रूप दिलें आणि १८४० मध्यें किंडरगार्टन म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. पुढें १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें ह्या बालोद्यानांवर बंदी घातली! मुलांच्या खेळाची राज्यकर्त्यांना धास्ती वाटावी, ह्यावरून त्या खेळांत कांहीं दम होता असें मानावयास हरकत नाहीं. मारिया माँटेसोरी ह्या विदुषीनें आपलें पहिलें बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजीं उघडलें तें रोमच्या सान लोरेन्झो ह्या मजुरांच्या वस्तींत. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, गरिबांच्या मुलांत जन्मलेली ही पद्धति पुढें पुष्कळ ठिकाणीं श्रीमंतांच्या मुलांची चैन होऊन बसली.

आमच्याकडे ती खऱ्या अर्थानें आपलीशी झाली काठेवाडांत. वकिली सोडून मुलांच्या मागें लागलेल्या गिजुभाई बधेकांनीं १९२० सालीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें. लोक त्यांस कौतुकानें मिशाळ आई म्हणत. १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या. ताराबाई (१८९२-१९७३) प्रार्थना समाजाच्या घरांत वाढलेल्या, मुंबई विश्वविद्यालयाच्या १९१४ सालच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचें प्रमुखपद सोडून त्या आल्या. मानाची जागा टाकून तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसणें त्या काळीं पुष्कळांस चमत्कारिक वाटलें असेल. आम्हां प्राध्यापक मंडळींस तें आजहि वाटेल. दोघांच्या प्रयत्नानें १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं ताराबाईंनीं दादरला शिशुविहार काढला. जून १९३९ मध्यें गिजुभाई वारले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसोरीबाई मद्रासेस येऊन पोंचल्या.

दादरचें काम नांवारूपास आलें. तरी ताराबाईंचें मन तेथें ठरलें नाहीं. कारण ज्या मुलांसाठीं रोममध्यें हा खटाटोप सुरू झाला तशीं मुलें दादरच्या वर्गांत फारशीं येत नव्हतीं. शेवटीं वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं त्या बोर्डीस गेल्या, आणि २४ डिसेंबर १९४५ रोजीं तेथें ग्राम बाल शिक्षा केंद्राचें काम सुरू झालें. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षीं लग्न आणि कांहीं महिन्यांतच वैधव्य, अशा स्थितींतून शिकून शिक्षिका झालेली ही बाई १९४५ सालीं ह्या कामांत पडली ती १९९२ मध्यें मरण आलें तेव्हांच त्यांतून सुटली. तो काळ त्या भागांत शांततेचा नव्हता. त्याच १९४५ सालीं वारली लोक वेठबिगारीविरुद्ध किसान सभेच्या झेंड्याखालीं उठले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांचे पुढारी होते. एका बाजूस बाप वेठीचें जूं झुगारीत होता आणि दुसऱ्या बाजूस दोन शहरी बायका त्याच भागांतल्या पोरांना न्हाऊं घालीत होत्या. ह्या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहण्याचा परिपाठ आमच्या इतिहासलेखनांत नाहीं. तो असावा.

बालवाडी उघडली, पण मुलें येतनात. पांच वर्षांची पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत असे, सात वर्षांचा पोरगा गुरांमागें असे; शाळेंत जाण्याची फुरसत कोणाला? तेव्हां ताराबाईंनीं प्रश्नच उलटा केला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें. शिक्षिका पाड्यावर जाऊं लागल्या, आणि कोणाच्या तरी झोंपडीपुढच्या अंगणांत मुलें जमवून तेथेंच गाणीं, गोष्टी, खेळ चालूं झाले. हीच अंगणवाडी. गुराख्यांसाठीं कुरणांत भरली ती कुरणशाळा. १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्या, म्हणजे कडेवरच्या भावंडाची सोय होऊन थोरली पोर मोकळी झाली.

दट्ट्यांच्या पेट्या आणि मनोरे ह्यांना तेथें पैसा नव्हता. मग शंखशिंपले, गोटे, बिया, पानें, बांबूचे तुकडे हींच साधनें झालीं. लहान-मोठे गोटे क्रमानें लावणारें मूल मनोरा रचणाऱ्या मुलाइतकेंच डोळ्यांनीं आणि बोटांनीं विचार करीत असतें. येथें आमच्या मतें ताराबाई आपल्या गुरूंच्याहि पुढें गेल्या. पद्धतीचा प्राण साधनांत नसून मुलानें आपण होऊन कांहीं निवडावें, त्यांत रमावें आणि चुकलें तर आपणच दुरुस्त करावें ह्यांत आहे, हें त्यांनीं समुद्रकांठच्या वाळूंत सिद्ध करून दाखविलें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हें नांव देशभर पोंचलें. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी वगैरे सहा सेवांत शाळापूर्व शिक्षण ही एक. आहाराला आम्ही कमी लेखीत नाहीं. बोर्डीचें कामहि आंघोळीपासूनच सुरू झालें होतें, आणि उपाशी मूल खेळत नाहीं. पण वजन मोजतां येतें, खिचडी मोजतां येते; मूल अर्धा तास एका कामांत गढून गेलें ही गोष्ट कोणत्या रकान्यांत लिहावी? जें लिहितां येत नाहीं तें हळूहळू करणेंहि राहून जातें. एकट्या सेविकेच्या माथीं सहा सेवा मारल्यावर तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

नर्सरीची गोष्ट निराळी. तिच्याजवळ पैसा आहे, साधनें आहेत, कित्येकदां पाटीवर माँटेसोरीचें नांवहि आहे; आणि आंत चार वर्षांचें मूल ठिपके जोडून अक्षरें गिरवीत असतें. १९९३ सालच्या यशपाल समितीनें दप्तराच्या ओझ्याबरोबर नर्सरीच्या प्रवेशपरीक्षांवरहि बोट ठेवलें होतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तर तीन ते आठ हीं वर्षें एक टप्पा मानून त्यांत खेळाला अग्रस्थान दिलें आहे. कागदावर ताराबाई जिंकल्या आहेत. पण पालकाच्या भीतीवर कागदाचा उपाय चालत नाहीं. बोर्डीच्या बापाला मूल शाळेंत पाठविणें परवडत नव्हतें. विठ्ठलवाडीच्या बापाला न पाठविणें परवडत नाहीं. शेजारचें मूल इंग्रजी कविता म्हणून दाखवितें, आणि आपलें माती उकरीत बसतें, हें त्याला सोसवत नाहीं. त्याला हंसणें सोपें आहे. आम्ही हंसत नाहीं, कारण फ्रोबेलवर व्याख्यान देऊन आल्याच्या संध्याकाळीं आम्हींच आपल्या चार वर्षांच्या मुलीचा हात धरून तिच्याकडून अक्षरें गिरवून घेतलीं आहेत, आणि ती रडली तेव्हां तिला दटावलेंहि आहे.

त्या मुलीचा मुलगा आतां तीन वर्षांचा झाला. त्याला कोठें घालावें असें तिनें परवां आम्हांस विचारलें. वर वर्णिलेल्या दोन्ही खोल्या आम्हीं जाऊन पाहिल्या. एकींत बसावयास जागा नव्हती, दुसरींत हलावयास परवानगी नव्हती. उत्तर अजून दिलेलें नाहीं. नातू इमारतीखालच्या मोकळ्या जागेंत विटेचा तुकडा घासून लाल भुकटी करतो आणि ती डब्याच्या झांकणांत मोजून भरतो. नर्सरींत नांव घालण्याची मुदत ह्या महिन्याच्या अखेरपर्यंत आहे.