बाइल्मर विमान अपघात
नेदर्लंड्समधील एक भीषण हवाई दुर्घटना. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी इझ्राएलच्या ‘एल अल’ कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान ॲम्स्टरडॅमहून तेल आवीव्हकडे निघाले. काही मिनिटांतच उजव्या पंखाखालील आतले एंजिन निखळले आणि त्याच्या आघाताने बाहेरचेही तुटले. एंजिनाचा आधार पंखाला जोडणारी पिन धातूच्या शिणवट्यामुळे तडकली होती. वस्तुतः अतिभार आल्यास स्वतः तुटून एंजिनाला निर्धोक सुटू द्यावे, यासाठीच ही पिन योजलेली. येथे तीच अनर्थाचे मूळ ठरली. पंखाच्या अग्रधारेचीही हानी झाल्याने वेग अधिक असेतो विमान कसेबसे आवाक्यात राहिले. उतरण्यासाठी वेग कमी करताच ते कलंडून बाइल्मरमेर उपनगरातील बहुमजली निवासी इमारतींवर कोसळले. विमानातील ४ व जमिनीवरील ३९ जण मृत्युमुखी पडले. रहिवाशांत नोंदणीविना राहणारे स्थलांतरितही असल्याने मृतांचा आकडा प्रारंभी कितीतरी अधिक धरला गेला होता.

डिसेंबर १९९१ मध्ये तैवानात याच जातीचे मालवाहू विमान उजवीकडील दोन्ही एंजिने गमावून कोसळले होते. तथापि जोडणीची रचना बदलली, ती बाइल्मरनंतरच. विमानातील मालात सारिन वायूच्या निर्मितीस उपयुक्त रसायन होते, हे १९९८ मध्ये उघड झाले. रहिवाशांच्या आरोग्यविषयक तक्रारींमुळे डच संसदेलाही पुढे चौकशी करावी लागली.