कॅम्पस दूर, विमानतळ कोणता?

मुलामुलींना परप्रांतातील नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला, की घरात आनंदासोबत धावपळही सुरू होते. कागदपत्रे, शुल्क, वसतिगृह या साऱ्यांची यादी होते आणि प्रवासाचा विचार बहुधा शेवटी होतो. संगणकावर 'जवळचा विमानतळ' शोधायचा, स्वस्त तिकीट दिसले की ते काढायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. मात्र, मोठ्या शिक्षणसंस्था अनेकदा महानगरांपासून दूर आहेत आणि नकाशावर जवळ दिसणारा विमानतळ प्रत्यक्षात सोयीचा असेलच असे नाही. प्रवेशासाठी हजर राहण्याची तारीख आणि वेळ ठरलेली असते. ती हुकली तर वर्षभराची मेहनत पणाला लागते. त्यामुळे विमानतळाची निवड हा प्रवेशप्रक्रियेचाच भाग मानणे शहाणपणाचे ठरते.

हिशेब दारापासून दारापर्यंत

विमानाचा उड्डाणकाळ हा एकूण प्रवासाचा लहानसा भाग असतो. घरातून विमानतळ गाठणे, उड्डाणापूर्वीचे किमान दोन तास, उतरल्यावर सामानाची प्रतीक्षा आणि तेथून कॅम्पसचे फाटक हे सारे जमेस धरावे लागते. दोन विमानतळांची तुलना करताना चार प्रश्न विचारावेत. थेट विमान आहे काय? दिवसात किती विमाने आहेत? उतरल्यावर पुढचे वाहन सहज मिळते काय? आणि विमान रद्द झाले तर दुसरा मार्ग कोणता?

यातील दुसरा आणि चौथा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लहान विमानतळावर दिवसाला एक-दोनच विमाने असतील, तर एक रद्द होताच संपूर्ण दिवस जातो. मोठ्या विमानतळावरून पुढचा रस्ता लांबचा असला, तरी काही तासांत दुसरे विमान मिळण्याची शक्यता असते.

आता सुरुवातीचे ठिकाणही तपासावे लागते. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. त्यामुळे तिकिटावर नुसते 'मुंबई' पाहून भागत नाही. पनवेल, पुणे वा रायगडकडील कुटुंबांना नवी मुंबई सोयीचा असू शकतो. बोरिवली-वसईकरांना सांताक्रूझ-अंधेरीकडील जुनाच विमानतळ बरा. पुणेकरांनी आधी लोहगावहून थेट विमान आहे का, ते पाहावे. थोड्या स्वस्त तिकिटासाठी द्रुतगती मार्गावरील चार तास आणि टॅक्सीचे भाडे मोजावे लागले, तर बचत उरत नाही.

रुडकी : दिल्ली की डेहराडून?

सन १८४७ मध्ये स्थापन झालेले रुडकीचे महाविद्यालय २००१ मध्ये आयआयटी झाले. मुंबईहून तेथे जाताना दिल्लीचे नाव प्रथम सुचते, कारण तेथे विमाने भरपूर. मात्र, दिल्ली विमानतळापासून रुडकी सुमारे २०० किलोमीटर आहे. डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ हरिद्वारमार्गे सुमारे ७० किलोमीटरवर आहे. मुंबईहून डेहराडूनचे थेट विमान सोयीच्या वेळी मिळत असेल, तर तेच निवडावे.

येथे पंचांगाचाही विचार करावा लागतो. उत्तर भारतातील श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपल्याकडे आषाढाचा कृष्णपक्ष असतो, तेव्हा तिकडे कावड यात्रा ऐन भरात असते. लक्षावधी भाविक हरिद्वारहून गंगाजल घेऊन पायी परततात आणि दिल्ली-मेरठ-हरिद्वार मार्गावरील वाहतूक अन्यत्र वळविली जाते. हा काळ जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमका प्रवेशाच्या दिवसांत येतो. त्या पंधरवड्यात दिल्लीहून टॅक्सीचा बेत टाळावा. डेहराडूनहून येणारा रस्ताही हरिद्वारवरूनच येत असल्याने हाती अधिक वेळ ठेवावा. दिल्लीतच उतरणे भाग असेल, तर पुढे रेल्वे बरी. डेहराडूनकडे जाणाऱ्या शताब्दी आणि वंदे भारत या दोन्ही गाड्या रुडकीला थांबतात. परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत असेल, तर दिल्लीचे धुके लक्षात घेऊन सकाळच्या विमानाऐवजी दुपारचे विमान घ्यावे.

खरगपूर : नदी ओलांडण्याचा प्रश्न

आयआयटी खरगपूरसाठी कोलकात्याचा विमानतळ हाच व्यवहार्य पर्याय आहे. मात्र, तो शहराच्या ईशान्येस डमडम भागात आहे, तर खरगपूर हुगळीपलीकडे, नैर्ऋत्येस. विमानतळापासूनचे अंतर सुमारे १४० किलोमीटर भरते. विमानतळावरून टॅक्सीने हावडा स्थानक आणि तेथून रेल्वे, हा मार्ग स्वस्त असला, तरी तो शहराच्या गर्दीतून जातो. हावडा ते खरगपूर हे रेल्वेचे अंतर सुमारे ११५ किलोमीटर असून, लोकल गाड्याही मिळतात. सामान जड आणि माणसे तीन-चार असतील, तर बेलघरिया द्रुतगती मार्गाने निवेदिता सेतू ओलांडून, शहरात न शिरता डानकुनीमार्गे महामार्ग गाठणारी थेट टॅक्सी सोयीची.

विदर्भातील कुटुंबांनी विमानाचा हट्ट धरण्याचे कारणच नाही. मुंबई-हावडा मार्गावरील गीतांजली एक्स्प्रेस आणि मेल, तसेच पुण्याहून सुटणारी आझाद हिंद एक्स्प्रेस नागपूरमार्गे खरगपूरला जातात. नागपूरकरांना हा एका रात्रीचा प्रवास आहे. सामानाचे वजन करावे लागत नाही आणि उतरल्यावर संस्था काही किलोमीटरवर असते.

वेल्लोर : तीन विमानतळ, एक महामार्ग

वेल्लोरच्या व्हीआयटीत मराठी विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय आहे. येथे चेन्नई, बंगळूर आणि तिरुपती असे तीन पर्याय दिसतात. चेन्नई विमानतळ सुमारे १३० किलोमीटरवर असून, तो शहराच्या नैर्ऋत्य बाजूस असल्याने शहर न ओलांडता श्रीपेरुम्बुदूर-कांचीपुरममार्गे वेल्लोर गाठता येते. बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेस आहे. तेथून वेल्लोर २०० किलोमीटरहून दूर आहे आणि शहराच्या वाहतुकीला वळसा घालण्यातच बराच वेळ जातो. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याला आहे. अंतर चेन्नईपेक्षा किंचित कमी असले, तरी विमाने मोजकी. परतीच्या वाटेवर बालाजीचे दर्शन घेण्याचा बेत असेल, तर तो पर्याय जाताना नव्हे, येताना वापरावा. हजेरीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेचा भरवसा धरता येत नाही.

वेल्लोरचे खरे प्रवेशद्वार काटपाडी हे रेल्वे जंक्शन आहे. चेन्नई-बंगळूर मार्गावरील बहुतेक गाड्या तेथे थांबतात आणि संस्था तेथून जवळ आहे. मोटारीने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी. पुणे, सातारा, कोल्हापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे बंगळूरनंतर वेल्लोरवरून चेन्नईला पोचतो.

मणिपाल : पावसाळ्यातील सावधगिरी

मणिपालसाठी मंगळूरचा बजपे येथील विमानतळ सुमारे ६० किलोमीटरवर आहे. अंतर किरकोळ असले, तरी हा डोंगरमाथा सपाट करून बांधलेला विमानतळ आहे. मे २०१० मध्ये तेथे धावपट्टीपलीकडे जाऊन विमान दरीत कोसळले होते. जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पावसामुळे दृश्यमानता घटली, की विमाने अन्यत्र वळविली जातात. बंगळूरला उतरावे लागले, तर पुढे घाटातून सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता उरतो. त्यामुळे पावसाळ्यात एक दिवस आधीचे विमान घेणे इष्ट.

कोकण रेल्वे हा येथील समर्थ पर्याय आहे. उडुपी स्थानकापासून मणिपाल चार-पाच किलोमीटरवर आहे. मुंबईहून दुपारी सुटणारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस पहाटे उडुपीला पोचविते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हे मात्र तिकीट काढताना पाहावे.

गोवा आणि कानपूर : एकाच नावाचा घोळ

गोव्यातील बिट्स पिलानीचा कॅम्पस झुआरीनगरला, दाबोळी विमानतळापासून अगदी जवळ आहे. तथापि, जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यात मोपा येथील मनोहर विमानतळ सुरू झाला. दोन्ही तिकिटांवर 'गोवा' असेच दिसते. मोपाला उतरणाऱ्यास संपूर्ण उत्तर गोवा ओलांडून झुआरी नदीपलीकडे, ५० किलोमीटरहून अधिक जावे लागते. तिकिटावर 'जीओआय' ही अक्षरे असल्यास दाबोळी आणि 'जीओएक्स' असल्यास मोपा, एवढे ध्यानात ठेवावे.

कानपूरचे उदाहरण उलट आहे. शहराला चकेरीचा विमानतळ असून, तेथील नवी इमारत मे २०२३ मध्ये सुरू झाली. मात्र, चकेरी शहराच्या पूर्वेस आणि आयआयटी पश्चिमेस, कल्याणपूरला आहे. मध्ये सारे शहर आहे. लखनौचा विमानतळ ८०-९० किलोमीटर दूर असला, तरी तो लखनौच्या कानपूरकडील बाजूस आहे आणि तेथे विमाने अधिक. वेळ जुळत असेल तर चकेरी, अन्यथा लखनौ, असा सोपा नियम ठेवता येईल.

नावाचा घोळ संस्थांबाबतही होतो. 'बिट्स' म्हणजे पिलानी, गोवा की हैदराबाद. 'व्हीआयटी' म्हणजे वेल्लोर की चेन्नई, हे प्रवेशपत्रावर वाचूनच तिकीट काढावे.

परदेशी कॅम्पसबाबत

अमेरिकेतील विद्यापीठांनाही हेच तत्त्व लागू होते. कॉर्नेल विद्यापीठ न्यूयॉर्क राज्यात आहे, पण न्यूयॉर्क शहरात नाही. ते ज्या इथाका गावी आहे, ते शहरापासून मोटारीने चार-पाच तासांवर आहे. इथाकाचा छोटा विमानतळ कॅम्पसलगत असला, तरी तेथे विमाने थोडी. सिरॅक्यूज सुमारे ९५ किलोमीटरवर आहे. न्यूयॉर्कमार्गे रस्त्याने जायचे असेल, तर केनेडीपेक्षा नेवार्क बरा. तो हडसन नदीच्या पश्चिमेस असल्याने मॅनहॅटनची गर्दी ओलांडावी लागत नाही. बर्फवृष्टीच्या महिन्यांत लहान विमानतळांवरील उड्डाणे आधी कोलमडतात, हेही जाणून असावे.

अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतराल, तेथेच साधारणतः पारपत्राची तपासणी होते, सामान ताब्यात घ्यावे लागते आणि सीमाशुल्कानंतर ते पुन्हा सोपवावे लागते. म्हणून पुढील विमानाआधी किमान तीन तासांचे अंतर हवे. अबुधाबीहून थेट अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांची ही तपासणी बहुधा तेथेच उरकते. पालक प्रथमच जात असतील, तर हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

तिकीट काढण्यापूर्वी

दोन टप्प्यांची विमाने घ्यायची असतील, तर ती एकाच आरक्षणावर घ्यावीत. स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतात, पण पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी राहत नाही. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान नेऊ देतात. काही कंपन्या विद्यार्थ्यांना जादा सामानाची सवलत देतात, मात्र त्यासाठी ओळखपत्र लागते आणि नव्या विद्यार्थ्याकडे ते अद्याप नसते. प्रवेशपत्र चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. गादी, बादली, पंखा अशा वस्तू तिकडेच घेणे स्वस्त. मूळ कागदपत्रे मात्र हातातील पिशवीतच असावीत.

अनोळखी गावी रात्री उशिरा पोचणारे विमान शक्यतो टाळावे. दीडशे किलोमीटरचा रस्ता मध्यरात्री कापण्यापेक्षा विमानतळाजवळ मुक्काम करून सकाळी निघणे बरे. हजेरीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत गावात पोचणे, ही सुरक्षित मर्यादा मानावी. बहुतेक संस्था प्रवेशाच्या दिवसांत नवागतांसाठी सूचना प्रसिद्ध करतात आणि काही संस्था विमानतळ वा स्थानकावरून बसही सोडतात. संस्थेतील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना विचारले, तर टॅक्सीचे वाजवी भाडे आणि खरा लागणारा वेळ दोन्ही कळते.

परतीचे तिकीट काढतानाही घाई नको. लहान विमानतळावरील शेवटचे विमान अनेकदा दुपारीच असते. कागदपत्रांची पडताळणी रेंगाळते, खोली संध्याकाळी मिळते आणि विमानाच्या वेळेमुळे आईवडिलांना मुलाची खोली न पाहताच निघावे लागते. पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या मुलाला त्या संध्याकाळी सोबत हवी असते. म्हणूनच परतीचे विमान दुसऱ्या दिवशीचे घ्यावे. त्यासाठी एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरलेला बरा.