भारतीय आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत उष्णकटिबंधीय फळांचे स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
राष्ट्रीय आहार मार्गदर्शक तत्त्वांत त्या त्या काळातील विज्ञान, अर्थकारण आणि शासनाचे अग्रक्रम यांचे प्रतिबिंब पडते. आंबा, पेरू, पपई, केळी व आवळा या उष्ण प्रदेशातील फळांना भारतीय आहारविचारात कोणते स्थान मिळाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पोषणसंशोधनाचा आरंभ
रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या अभ्यासास प्रारंभ केला. त्यातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था विकसित झाली. डब्ल्यू. आर. ॲक्रॉइड यांच्या १९३७ च्या पुस्तिकेने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके उपलब्ध करून दिली. त्या काळी दूध, भाज्या व फळे यांना ‘संरक्षक अन्न’ मानले जाई. सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या कोष्टकांची नवी आवृत्ती सिद्ध केली. तीनुसार १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम, पेरूत २१२ मिलिग्रॅम, तर सफरचंदात अवघे १ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. आजाऱ्याच्या भेटीस सफरचंद नेण्याच्या रूढीला या आकड्यांचा आधार नाही.

अ जीवनसत्त्वाचा प्रश्न
बालकांतील अंधत्व टाळण्यासाठी १९७० मध्ये अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आंबा व पपई यांतील कॅरोटिनपासून शरीरात हेच जीवनसत्त्व तयार होते. भारतीय तज्ज्ञ समित्यांनी पूर्वी चार भाग बीटा-कॅरोटिन म्हणजे एक भाग अ जीवनसत्त्व असे गृहीत धरले होते. २०१० मध्ये हे प्रमाण आठास एक करण्यात आले. फळ तेच राहिले, मात्र त्याचे कागदावरील मूल्य निम्म्यावर आले.

मार्गदर्शक तत्त्वे आणि व्यवहार
राष्ट्रीय पोषण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०११ व २०२४ मध्ये सुधारण्यात आली. २०११ मध्ये दररोज ३०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचविली होती. २०२४ च्या दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात भाज्या ४०० ग्रॅम झाल्या, फळे मात्र १०० ग्रॅमच राहिली. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य अन्नातील लोह अधिक शोषले जाते. रक्तक्षय व्यापक असलेल्या देशात जेवणासोबतच्या पेरूचे महत्त्व त्यामुळे विशेष आहे.

फळांचे उत्पादन वाढविण्याचे प्रयत्न याच काळात स्वतंत्रपणे झाले. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड राबविली गेली. तिचे मुख्य उद्दिष्ट रोजगार व शेतकऱ्यांचे उत्पन्न हे होते; ग्रामीण ताटाशी तिचा संबंध अप्रत्यक्षच राहिला. शालेय मध्यान्ह भोजनाच्या केंद्रीय निकषांतही धान्य, डाळ, भाजी व तेल यांची प्रमाणे ठरलेली आहेत, परंतु फळाला स्वतंत्र प्रमाण नाही.

निष्कर्ष
पोषणकोष्टकांनी स्थानिक, तुलनेने स्वस्त फळांचे मोल फार पूर्वीच सिद्ध केले. अन्नवाटपाच्या योजनांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही. ‘फळे : १०० ग्रॅम’ या एका ओळीत सफरचंद व पेरू एकसारखे ठरतात. त्याऐवजी हिवाळ्यात पेरू व आवळा, उन्हाळ्यात आंबा, वर्षभर केळी व पपई अशी हंगामानुसार नावे देऊन शिफारस केल्यास आणि शालेय भोजनात फळाचे प्रमाण निश्चित केल्यास, कोष्टकातील ज्ञान मुलांच्या ताटापर्यंत पोहोचू शकेल.